डॉक्युमेंटेशन लिहिताना तुम्ही कुठली ऑपरेटिंग सिस्टिम धरून चालता?

तिरफळ

मंडळी, नमस्कार.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत टेक्निकल रायटर आहे. आमची बिलिंगची एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला आमचं बिलिंग जोडून घ्यायची सोय. ती वापरणारे बरेचसे लोक इचलकरंजी, जळगाव, सोलापूरकडचे. दुकानदारांना, छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणारी एकटीदुकटी माणसं, फार तर हाताखाली एखादा पोरगा. आणि झाडून सगळ्यांकडे विंडोज.

मला कंपनीने मॅक दिलाय. शेजारचे डेव्हलपर मॅकवर नाहीतर उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार). त्यामुळे 'सुरुवात अशी करा' या पानावर मी लिहिलेलं सगळं आमच्याकडे बिनबोभाट चालायचं. गेल्या महिन्यात सपोर्टच्या मुलीने माझ्यापुढे तिकिटांचा गठ्ठा ठेवला. बहुतेकांत तेच रडगाणं: 'एक्स्पोर्ट' इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड. म्हणजे माझ्या पानाच्या पहिल्याच कमांडीवर (एक्स्पोर्ट, की साठवून ठेवणारी; विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला ती माहीतच नाही) गाडी अडलेली.

एका गृहस्थांनी तर विचारलं होतं, "मॅडम, आमच्या संगणकाला तुमचे सॉफ्टवेअर मान्य नाही काय?" ते वाचून फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांना वाटत होतं चूक त्यांचीच आहे.

तर प्रश्न असा. कुठली सिस्टिम आधी दाखवायची? तिन्हींचे वेगळे टॅब करायचे? की "डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाका" म्हणून हात झटकायचे (आमच्या टीम लीडचं मत)?

ता.क. इथल्या नियमाप्रमाणे कमांडाही देवनागरीत लिहितेय. कृपया कॉपी-पेस्ट करून बघू नका. :)

---

गावठी_पेंग्विन

टीम लीडशी सहमत. सर्व्हरवर शेवटी लिनक्सच असतं. ज्याला एपीआय जोडायची आहे त्याला एक्स्पोर्ट माहीत नसेल तर दोष पानाचा नाही. २०१६ पासून विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल आहे. टाका नि मोकळे व्हा.

---

चिंगी

काडी पडली. मी पॉपकॉर्न घेऊन आले.

---

सदू_जळगावकर

पेंग्विनभाऊ, तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या दुकानात बसून काम केलंय का?

मी केलंय. होलसेल किराणा, चार जीबीची रॅम, टॅली उघडी, शेजारी प्रिंटर खडखडतोय. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाच्या भाच्याकडे, भाचा नाशकात. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती चालायला बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं. मालकाच्या देखत निळ्या स्क्रीनवर मी काहीबाही बदलतोय, हे बघून ते मला चहा पाजतील की हाकलतील? बरं, एवढं करून तुमचं उबुंटू उतरवायचं ते माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

आणि कशासाठी? एक की (एपीआयची गुप्त किल्ली) साठवायला आणि एक विनंती पाठवायला.

तिरफळताई, मी तुमचाच वाचक. तुमची एपीआय वापरत नाही, पण दुःख तेच. दोन उदाहरणं देतो, दोन्ही अंगावर आलेली.

एक. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकत होतो तेव्हाची गोष्ट. पानावर लिहिलेलं: गिट कमिट डॅश एम, पुढे एकेरी अवतरणात 'पहिला बदल'. कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण म्हणजे नुसतं एक अक्षर. त्याने संदेश धरला 'पहिला एवढाच, आणि बदल' ही फाइल समजून शोधायला गेला. उत्तर आलं की या नावाची फाइल गिटला माहीत नाही. मी अर्धा दिवस फाइल शोधत होतो. दुहेरी अवतरण टाकलं असतं तर तिन्हीकडे चाललं असतं हो!

दोन. कुठल्याशा उत्तरात विंडोजसाठी म्हणून दिलेलं: सेट मोड=प्रॉडक्शन && नोड अ‍ॅप. चाललं. पण प्रॉडक्शन मोड काही लागेना. का, तर && च्या आधी जी मोकळी जागा सोडलीय तीसुद्धा किमतीत जाते. माझा मोड 'प्रॉडक्शन' नव्हता, 'प्रॉडक्शन' आणि शेपटीला एक स्पेस असा होता. डोळ्यांनी दिसणार कसं? सगळा रविवार गेला, आणि घरी लग्नाला जायचं होतं.

म्हणून म्हणतो, विंडोजचा टॅब असून भागत नाही. तो लिहिणाऱ्याने विंडोजवर चालवून पाहिलेला असावा.

---

चिंगी

लग्न कुणाचं होतं ते सांगा आधी.

---

सदू_जळगावकर

मेहुणीचं. विषय वाढवू नका.

---

निवांतकाका

सदू, शेवटच्या वाक्याला दंडवत.

थोडा इतिहास. मूळ भांडण रेघ कुठल्या बाजूला कलली पाहिजे याचं आहे. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते आणि '/' हे चिन्ह कमांडीचे पर्याय द्यायला वापरलं जायचं. १९८३ला दुसऱ्या आवृत्तीत युनिक्ससारखे फोल्डर आले. युनिक्सचा '/' घ्यावा तर जागा अडलेली, म्हणून '\' घेतला. तेव्हापासून मायक्रोसॉफ्टची रेघ एकीकडे नि बाकी जगाची दुसरीकडे. जपानी विंडोजवर तर हाच '\' येनच्या चिन्हासारखा दिसतो. तिथे फाइलचा पत्ता म्हणजे किराणा मालाची यादी वाटते.

तर ही माणसं काही एकमेकांच्या द्वेषाने वेगळी झाली नाहीत. अडचणीतून वाट काढताना झाली. पण निस्तरावं लागतं माहितीपुस्तक लिहिणाऱ्याला.

अवांतर: तो जुना ईमेल आठवतो का? "एका भारतीयाने शोध लावला, विंडोजवर 'कॉन' नावाचा फोल्डर करता येत नाही, बिल गेट्सलाही उत्तर देता आलं नाही!" आमच्या ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी करून पाहिलं होतं. उत्तर सोपं आहे. कॉन, ऑक्स, नल, पीआरएन ही डॉसच्या काळापासून यंत्राच्या भागांना राखून ठेवलेली नावं. यात गंमत नाही असं ज्याला वाटतं त्याने लिनक्स कर्नलचा सोर्स विंडोजवर उतरवून पाहावा. त्यात 'ऑक्स.सी' नावाची फाइल आहे.

---

सफरचंद_खाऊ

>> चूक त्यांचीच आहे असं वाटत होतं

हे फक्त विंडोजवाल्यांचं नाही. आम्हा मॅकवाल्यांचं दुःख वेगळंच. आम्हाला लोक लिनक्समध्ये जमा धरतात. "लिनक्स/मॅक" असा एकच टॅब. जणू सख्खी भावंडं.

सेड घ्या. फाइलमध्ये जागच्या जागी शब्द बदलायचा तर लिनक्सवर सेड डॅश आय, मग बदल, मग फाइलचं नाव. मॅकवर बीएसडीचा (युनिक्सच्या दुसऱ्या शाखेचा) सेड. तो डॅश आयच्या पुढे जे येईल ते राखीव प्रतीचं शेपूट समजतो. म्हणजे तुमचा बदल झाला शेपूट, आणि फाइलचं नाव झाली कमांड. मग तो तक्रार करतो की ही कमांड मला कळत नाही. मॅकवर मध्ये रिकामं अवतरण '' द्यावं लागतं. ते दिलं की लिनक्सवर फसतं.

बॅशही घ्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांडा चालवणारी शेल. परवान्याच्या कारणाने अ‍ॅपलने ती ३.२ वर थांबवली आणि २०१९ला कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल दिली. पानावर चौथ्या-पाचव्या आवृत्तीतली करामत असली की आमच्याकडे आपटते.

तेव्हा टॅब करायचे तर तीन. अडीच नकोत.

---

गावठी_पेंग्विन

आणि तुम्ही 'लिनक्स' म्हणता तेही खरं 'उबुंटू' असतं. मी फेडोरावर आहे. प्रत्येक पानावर सुडो एपीटी इन्स्टॉल, ही उबुंटूची सॉफ्टवेअर टाकायची कमांड. आम्ही मनातल्या मनात डीएनएफ (आमच्याकडची तीच कमांड) वाचतो, बोंबा मारत नाही.

---

सदू_जळगावकर

मग तुमच्यावर अन्याय होतोय हे तुम्हालाही कळतं तर. :)

---

मृण्मयी_सर्किट

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आमच्याकडे पक्षपाताची गंगा उलटी वाहते, म्हणून लिहायचा मोह झाला.

सी शिकवणारी आपल्याकडची नोट्स, गाइडं, लॅब मॅन्युअलं उघडा. पहिल्या ओळीत कोनिओ.एच, मुख्य फंक्शनात शिरताच सीएलआरएससीआर, निघताना गेटसीएच. हे सी नव्हे, ही टर्बो सी. बोरलँडचं डॉसवरचं जुनं कंपायलर, आता डॉसबॉक्सच्या व्हेंटिलेटरवर जिवंत ठेवलेलं. पोरगी घरी लिनक्सवर तोच प्रोग्रॅम जीसीसीला (लिनक्सवरच्या कंपायलरला) देते, तो म्हणतो कोनिओ.एच अशी फाइलच नाही. ती दुसऱ्या दिवशी मला सांगते, "मॅम, माझ्या लॅपटॉपवर सी चालत नाही."

तिरफळ, तुमच्या त्या गृहस्थांचंच वाक्य ना?

ती स्क्रीन पुसणारी ओळ तर्काला धरून काहीच करत नाही. पण एका परीक्षकांनी (कॉलेज सांगत नाही) तोंडी परीक्षेत विचारलं, "सीएलआरएससीआर का नाही लिहिलं?" मुलाने सांगितलं, "सर, जीसीसीत नसतं." गुण कापले. मी भांडले, उपयोग झाला नाही.

याउलट आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचं मला फार कौतुक आहे. मराठीतही आवाज दिलेले आहेत. त्यांच्या व्हिडिओत सुरुवातीलाच सांगतात की हे रेकॉर्ड करायला मी उबुंटूची अमुक आवृत्ती आणि या सॉफ्टवेअरची तमुक आवृत्ती वापरते आहे. संपलं. पक्षपात आहेच, उबुंटूकडे झुकलेलं आहेच, पण आधी सांगितलंय. विंडोजवरच्या मुलाला पहिल्या मिनिटात कळतं की आपल्याकडे चित्र थोडं वेगळं दिसणार.

माझी तक्रार एका बाजूचं लिहिण्याबद्दल नाही, न सांगता लिहिण्याबद्दल आहे.

---

कोंदण

मृण्मयी, +१. वाचनखूण साठवली.

---

परदेशी_पाहुणा

न्यू जर्सीतून. माझं काम एका बड्या क्लाउडवर लिनक्सची यंत्रं सांभाळायचं. नाव घेत नाही, पण तिथल्या पानांवर आधी पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टची शेल), मग जमलं तर बाकीचं. लांब कमांड ओळी तोडून दिलेली असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकटिक (`). पॉवरशेलमध्ये त्याचा अर्थ 'पुढच्या ओळीवर चालू'. बॅशमध्ये त्याचा अर्थ 'दोन बॅकटिकांमधलं आधी चालवून दाखव'. बॅशला त्या जागी '\' लागतो, जुन्या कमांड प्रॉम्प्टला '^'. एकाच कामाला तीन चिन्हं, आणि तिन्ही चुकीच्या घरात गेली की तमाशा.

पॉवरशेल २०१६ पासून मुक्तस्रोत आहे, लिनक्सवर चालते, मला मान्य. पण सर्व्हरवर ती टाकायची परवानगी मला सुरक्षा विभागाकडून काढावी लागते. सदूंच्या भाच्यासारखाच आमचाही एक भाचा आहे, फक्त तो टाय लावतो.

तेव्हा पेंग्विन, विंडोजवाल्यांना "डब्ल्यूएसएल टाका" म्हणणं आणि मला "पॉवरशेल टाका" म्हणणं, यात फरक काय?

---

गावठी_पेंग्विन

हा मुद्दा लागला. विचार करतो.

---

वसुधा_देशमुख

मला वरचं फारसं कळलं नाही, पण आमच्या वाचनालयात मी मराठी टायपिंगची एक पानभर सूचना लिहून लावली आहे, त्यामुळे बोलण्याचा हक्क आहे असं समजते.

मी लिहिलं होतं: "खाली डावीकडे स्टार्ट बटन दाबा." विंडोज अकरा आलं आणि बटन मध्ये गेलं. एक आजोबा रोज डाव्या कोपऱ्यात दाबायचे आणि तिथे त्यांना हवामान दिसायचं. मला म्हणाले, "टायपिंग सोडा, पण पाऊस कधी येणार ते रोज कळतं." आता एक मुलगी मॅक घेऊन येते, तिच्याकडे स्टार्टच नाही. तिला काय लिहून देऊ?

---

सफरचंद_खाऊ

वसुधाताई, आजोबा महान आहेत.

मॅकवर: सिस्टिम सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, त्यात इनपुट सोर्सेस, अधिक चिन्ह दाबून मराठी निवडायची. मग भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस, किंवा नव्या कीबोर्डवर पृथ्वीच्या गोळ्याचं बटन. विंडोजवर हेच काम विंडोजचं बटन आणि स्पेस. सूचनेत "स्टार्ट दाबा" ऐवजी "कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा" असं आधी लिहा, आणि कुठे दाबायचं ते खाली यंत्रागणिक. बटनं हलतात, काम हलत नाही.

---

वसुधा_देशमुख

धन्यवाद. उद्याच बदलते. हवामानाची ओळ मात्र आजोबांसाठी ठेवते.

---

निवांतकाका

धागा रुळावर आणा रे. टॅबबद्दल कुणी बोललंच नाही.

---

कोंदण

मी बोलतो. आमच्याकडे टॅब आहेत, आणि मला ते फारसे आवडत नाहीत.

एक म्हणजे मिटलेल्या टॅबमधला मजकूर पानावर शोधला तर सापडत नाही. माणूस चुकीचा संदेश शोधतो, तो विंडोजच्या टॅबात लिहिलेला असतो, पण उघडा आहे लिनक्सचा. दुसरं, काही ठिकाणी ब्राउझरवरून सिस्टिम ओळखून टॅब आपोआप उघडतात. ऐकायला छान. पण मी विंडोजवर बसून दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करतो, ते पान मला विंडोजची कमांड देतं. आणि फोनवर वाचणाऱ्याला काय, अँड्रॉइडची देणार?

चांगलं उदाहरण म्हणजे जँगो (पायथनमध्ये वेबसाइट करायचं साधन). त्यांच्या पाठांत कमांडीच्या चौकटीलाच छोटी खूण आहे, युनिक्स-मॅक किंवा विंडोज. एका बाजूला प्रॉम्प्ट '$', दुसरीकडे '...\>'. सगळं पान दुप्पट होत नाही. गिटहबच्या मदतपानांवरही मॅक, विंडोज, लिनक्स असा पर्याय वर दिसतो, तो आपण बदलू शकतो.

जाता जाता: ते '$' चिन्ह कॉपी होणार नाही अशी सोय करा. नवखा माणूस '$'सकट चिकटवतो आणि '$ नावाची कमांड नाही' असं ऐकून घेतो. रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य खात्यासाठी) '#' दाखवत असाल तर आणखी वाईट. त्याच्या पुढचं सगळं बॅशला शेरा वाटतं. चूक येत नाही, काही होतच नाही. माणूस समजतो झालं काम.

---

गावठी_पेंग्विन

विचार केला.

परदेशींचा मुद्दा मान्य. आता माझा उपाय: शेलच्या नादी लागूच नका. पहिली विनंती पायथनच्या चार ओळींत द्या. फाइल तीच, तिन्हीकडे चालते. अवतरणं, रेघा, एक्स्पोर्ट, सगळी कटकट संपली.

---

सदू_जळगावकर

पेंग्विनभाऊ, मनापासून आनंद झाला. फक्त आता त्या पानावर "पायथन३ टाइप करा" असं लिहू नका. नव्या विंडोजवर पायथन टाकलेलं नसेल तर त्याने मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं. टाकलेलं असेल तर साधारण 'पीवाय' लिहिलं की भागतं.

---

गावठी_पेंग्विन

देवा.

---

तिरफळ

सगळ्यांचे आभार. धागा काढून पंधरा दिवस गायब होते, कारण सदूंचं वाक्य डोक्यात बसलं. सासऱ्यांचा जुना विंडोजचा लॅपटॉप मागून आणला आणि माझंच पान वरपासून खालपर्यंत त्यावर चालवलं.

लाज वाटली. दुसऱ्याच कमांडीवर अडकले. एक्स्पोर्ट सोडलं, तर कर्ल, म्हणजे एपीआयला विनंती पाठवणारी कमांड. विंडोज दहामध्ये २०१८ पासून खरा कर्ल येतो, म्हणून मी निर्धास्त होते. पण सासऱ्यांच्या लॅपटॉपवर पॉवरशेल उघडलं तर तिथे 'कर्ल' हे दुसऱ्याच कमांडीचं टोपणनाव! तिला माझा डॅश एच कळेना. कर्ल.इएक्सइ असं पूर्ण नाव लिहिलं तेव्हा खरा कर्ल आला. मग एकेरी अवतरणातला जेसन (विनंतीसोबत पाठवायची माहिती). त्यावर दोन तास गेले, आणि सासरे मागे उभे राहून विचारत होते, "तुझंच लिहिलेलं आहे ना ते?"

आता असं केलंय. पानाच्या डोक्यावर एक ओळ: हे मॅकवर आणि विंडोज दहावर चालवून पाहिलं आहे, लिनक्समध्ये फक्त उबुंटूवर. (पेंग्विन, फेडोरावर तुम्ही बघून सांगाल का? खरंच विचारतेय.) पहिली विनंती पायथनमध्ये, सुरुवात 'पीवाय' की 'पायथन३' ते दोन्ही लिहून. शेलच्या कमांडा खाली, टॅब न करता एकाखाली एक, म्हणजे शोधल्या तरी सापडतील. आणि विंडोजची आधी, कारण माझे वाचक तेच आहेत. टीम लीडने नाक मुरडलं. मी तिकिटांचा गठ्ठा दाखवला.

सदू, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) दुवा पाठवलाय. एकदा नजर टाका.

---

सदू_जळगावकर

टाकली. गिऱ्हाइकाच्या दुकानातच बसून, त्याच चार जीबीवर. पायथनचं पहिल्या फटक्यात चाललं. मालकाने चहा सांगितला.

पण खालच्या शेलच्या कमांडा तिन्ही फसतात. विंडोजची फसली म्हणून भाच्याच्या, म्हणजे माझ्या खऱ्या भाच्याच्या, उबुंटूवर पाहिलं, तिथेही फसली. मॅकवाल्या मित्राला पाठवलं, तोही फसला. बारकाईने बघा. तुमच्या पानाच्या संपादकाने सरळ अवतरणांची छापील, वळलेली अवतरणं करून टाकली आहेत.

---

निवांतकाका

चला, तिन्ही सिस्टिमना अखेर सारखा न्याय मिळाला.

---

तिरफळ

हे राम. आत्ता दुरुस्त करते. सासऱ्यांचा लॅपटॉप अजून परत केलेला नाही.

---

गावठी_पेंग्विन

दुरुस्त झालं की कळवा, फेडोरावर मी बघतो. सुडो एपीटी काढून टाका तेवढं.